आभासी समूह आणि कादंबरीचे रूप : तीन कादंबऱ्यांच्या आधारे एक विचार

सारांश

संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर जमणारे समूह हा एकविसाव्या शतकातील कथनात्मक साहित्याचा एक महत्त्वाचा विषय ठरला आहे. प्रस्तुत लेखात जपानमधील ‘डेन्शा ओतोको’ (२००४) आणि अमेरिकेतील ‘सेव्हरल पीपल आर टायपिंग’ (२०२१) व ‘नो वन इज टॉकिंग अबाऊट धिस’ (२०२१) या तीन कृतींचा विचार केला आहे. असा समूह कादंबरीत उतरतो तो त्याच्या दृश्य खुणांच्या अनुकरणाने नव्हे, तर त्या समूहातील उपस्थितीच्या अटी वाचकाच्या अनुभवास आणून दिल्याने, असे या लेखाचे प्रतिपादन आहे. या अटींची खरी कसोटी जेथे देह, आजार आणि मृत्यू समोर येतात तेथे लागते, हेही दाखविण्याचा प्रयत्न केला आहे.

बीजशब्द : आभासी समूह, सामूहिक निवेदक, पत्रात्मक कादंबरी, उपस्थिती, आंतरजाल.

१. विषयप्रवेश

समूहाचे चित्रण मराठी कादंबरीला नवे नाही. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदन तरुण मास्तराचे असले, तरी कादंबरी मास्तराची नसून त्या धनगरवस्तीची आहे, हे वाचकाला लवकरच उमगते. वस्तीला एक आवाज आहे, एक स्मरण आहे, परक्याला पारखून घेण्याची एक रीत आहे. दुष्काळात ती वस्ती पांगते तेव्हा एखादे पात्र मरण पावल्यासारखी वेदना वाचकाला होते. गाव, वाडा, चाळ, आळी ही आपल्या कथात्म साहित्यातील समूहाची परिचित रूपे आहेत. या सर्व समूहांना धरून ठेवणारी गोष्ट एकच, ती म्हणजे जागा. माणसे एकमेकांच्या डोळ्यांसमोर असतात. कोणी काही बोलले नाही तरी तो तेथे आहे, हे सर्वांना दिसते.

आंतरजालावरील समूहाला अशी जागा नसते. तेथे जमलेल्यांनी परस्परांना कधी पाहिलेले नसते आणि बहुधा पुढेही पाहिले जाणार नसते. तरीही त्या समूहात मैत्री होते, भांडणे होतात, रुसवे-फुगवे होतात, आणि एखादा सदस्य अचानक दिसेनासा झाला तर हुरहुरही लागते. असा समूह कादंबरीत आणायचा कसा, हा प्रश्न गेली वीस-पंचवीस वर्षे निरनिराळ्या देशांतील लेखकांपुढे उभा आहे. पुष्कळ लेखकांनी त्याचे सोपे उत्तर दिले. मजकुराच्या मधोमध काही संदेश छापायचे, हास्यमुद्रा काढायच्या, अशुद्धलेखन जसेच्या तसे ठेवायचे, आणि मग पुन्हा नेहमीच्या निवेदनाकडे वळायचे. यातून समूहाचा वेश तेवढा साधतो, त्याचा स्वभाव साधत नाही. हा स्वभाव म्हणजे नेमके काय, आणि तो पकडण्यासाठी कादंबरीला आपल्या रूपात कोणता बदल करावा लागतो, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. उपस्थितीच्या तीन अटी

आभासी समूहाचे वेगळेपण तपासताना तीन अटी प्रकर्षाने जाणवतात.

पहिली अट अशी की, तेथे शब्दावाचून अस्तित्व नाही. चावडीवर गप्प बसलेला माणूसही चावडीवर असतोच. आंतरजालावरील चर्चेत न लिहिणारा इतरांच्या लेखी नसतोच.

दुसरी अट पहिलीतूनच निघते. न लिहिणारे दिसत नसले तरी त्यांची संख्या फार मोठी असते आणि लिहिणाऱ्यांना तिची जाणीव असते. मराठी संकेतस्थळांवर अशा नुसत्या वाचत राहण्याला ‘रोमात असणे’ असा गमतीदार शब्दप्रयोग रूढ झाला. त्यामुळे येथील प्रत्येक वाक्याला दोन श्रोते असतात. एक ज्याला उद्देशून ते लिहिले तो, आणि दुसरा न दिसणारा समुदाय. पत्रात्मक कादंबरीशी तुलना केली तर हा फरक स्पष्ट होतो. रिचर्डसनच्या ‘पामेला’पासून (१७४०) वामन मल्हार जोशी यांच्या ‘इंदु काळे व सरला भोळे’पर्यंत या प्रकारातील पत्र कोणा एकासाठी लिहिलेले असते, आणि ते वाचणाऱ्या आपल्याला दुसऱ्याचे खासगी वाचत असल्याची भावना होते. चर्चाफलकावरील संदेश मुळातच चव्हाट्यावर लिहिलेला असतो. तेथील जिव्हाळा चव्हाट्यावरचा, आणि तेथील क्रौर्यही चव्हाट्यावरचेच.

तिसरी अट म्हणजे निघून जाण्याची मुभा. गाव सोडताना घर, शेत, नाती मागे ओढतात. येथे कोणताही निरोप न घेता नाहीसे होता येते. म्हणून अशा समूहात टिकून राहणे हीच एक नैतिक कृती ठरते, आणि तेथील आपुलकी खरी की वरवरची हा संशयही कायम राहतो.

या तीन अटी ज्या कृतीत केवळ सांगितल्या जात नाहीत तर वाचताना भोगाव्या लागतात, त्या कृतीने आभासी समूहाचे रूप पकडले असे म्हणता येईल. पुढील तीन कृतींची निवड याच दृष्टीने केली आहे.

३. ‘डेन्शा ओतोको’ : समूह हाच निवेदक

‘डेन्शा ओतोको’ म्हणजे ‘रेल्वेगाडीतला माणूस’. हे पुस्तक ऑक्टोबर २००४ मध्ये शिंचोशा या जपानी प्रकाशनसंस्थेने प्रसिद्ध केले. त्याच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्या आणि २००५ मध्ये त्यावर चित्रपट व दूरचित्रवाणी मालिकाही निघाली. लेखक म्हणून नाकानो हितोरी असे नाव छापले आहे, परंतु अशी कोणी व्यक्ती नाही. ‘आतल्यांपैकी एक’ आणि ‘एकटा’ अशा दोन्ही अर्थांवर श्लेष साधून ते नाव बनविले आहे. चर्चाफलकावर जमणारे अविवाहित पुरुष हेच सामूहिकरीत्या या पुस्तकाचे लेखक, असे त्यातून सुचविले आहे.

हा मजकूर मुळात मार्च ते मे २००४ या काळात ‘टू-चॅनेल’ या जपानी चर्चास्थळावर लिहिला गेला. १९९९ मध्ये सुरू झालेल्या या स्थळाचे वैशिष्ट्य म्हणजे निनावीपण. लिहिणाऱ्यांना नाव घेण्याची गरज नव्हती, नोंदीला केवळ क्रमांक मिळत असे. ज्या धाग्यावर ही कथा घडली तो एकट्या पुरुषांचा होता. दुसऱ्याच्या प्रेमातील यशाची वार्ता म्हणजे पाठीमागून झालेला गोळीबार, आणि ती ऐकून घायाळ होणारे आपण सैनिक, असे त्या धाग्याचे विनोदी रूपक होते. तेथे एके दिवशी एकाने लिहिले की, रेल्वेत एक मद्यपी स्त्रियांना त्रास देत होता, आपण धीर करून त्याला अडविले, आणि त्या स्त्रियांनी आभार मानण्यासाठी आपला पत्ता घेतला. काही दिवसांनी त्यांच्यापैकी एका तरुणीकडून एर्मेस या नामांकित फ्रेंच कंपनीच्या चहाच्या कपांची जोडी त्याच्या घरी आली. तिला दूरध्वनी करावा काय, काय बोलावे, कोणते कपडे घालावेत, केस कोठे कापावेत, जेवायला कोठे न्यावे, अशा प्रत्येक पायरीवर तो या अनोळखी मंडळींना विचारत गेला आणि ती मंडळी उत्तरे देत गेली. सुरुवातीला ७३१ हा नोंदीचा क्रमांक हीच त्याची ओळख होती. पुढे त्याला ‘डेन्शा ओतोको’ हे नाव मिळाले, आणि त्या तरुणीला कपांवरून ‘एर्मेस’ म्हटले जाऊ लागले.

या कृतीत निवेदक नाही. नोंदींचे क्रमांक, वेळा आणि अक्षरचिन्हांनी काढलेली चित्रे जशीच्या तशी छापली आहेत. येथपर्यंत हे दृश्य खुणांचे अनुकरणच वाटेल. परंतु लक्षात घेण्याजोगी गोष्ट वेगळी आहे. या कथेतील महत्त्वाच्या घटना पुस्तकात घडतच नाहीत. नायक तरुणीला भेटायला जातो तेव्हा तो पडद्यावरून नाहीसा होतो. उरतात ती वाट पाहणारी माणसे. ती परस्परांत थट्टा करतात, तर्क लढवितात, काळजी करतात. रात्री उशिरा नायकाची एक ओळ उमटते आणि धागा जागा होतो. पारंपरिक कादंबरीत जे मध्यवर्ती प्रसंग झाले असते ते येथे दोन नोंदींमधील रिकाम्या वेळात जातात आणि प्रतीक्षा हाच मुख्य प्रसंग होतो. पहिल्या अटीचा प्रत्यय वाचकाला येथे येतो. नायक लिहीत नाही तोवर तो नाही.

दुसरी गोष्ट अशी की, कथा पुढे सरकते तसतसा आपला रस नायकापेक्षा त्याला सल्ला देणाऱ्यांकडे वळतो. मुलींशी बोलण्याचा स्वतःला अनुभव नसलेली ही माणसे दुसऱ्याला धीर देता देता स्वतः बदलतात. कोणी आपणही केस नीट कापून आल्याचे सांगतो, कोणी आपल्या अपयशाची कथा लिहितो. शेवटी नायकाला प्रेम मिळते, तो सर्वांचे आभार मानून निरोप घेतो आणि समूह विरून जातो. बनगरवाडी दुष्काळाने पांगते, हा समूह यशाने पांगतो. ज्याच्यासाठी जमलो त्याचे भले होताच जमण्याचे कारण संपावे, ही तिसऱ्या अटीची गोड वाटणारी पण खिन्न करणारी परिणती आहे.

तथापि या पुस्तकाच्या दोन मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. पहिली म्हणजे ही कृती निवडीतून सिद्ध झाली आहे. मूळ धाग्यातील अगणित नोंदींपैकी निवडक नोंदीच पुस्तकात आल्या. निवड झाली की कादंबरीकाराचे काम झालेच, मग ते कोणीही केलेले असो. टू-चॅनेल हे स्थळ द्वेषपूर्ण आणि हिणकस लेखनासाठीही कुप्रसिद्ध होते. पुस्तकातील समूह मात्र अखंड मायाळू दिसतो. ही घटना खरोखर घडली की रचली गेली, हा वाद पुस्तक निघाल्यापासून चालला आणि तो मिटलेला नाही. परंतु समीक्षेच्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न असा की, समूहातील क्रौर्य गाळून उरलेल्या समूहाला त्या समूहाचे चित्र म्हणावे काय. दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. जिच्याभोवती हे सर्व घडते त्या तरुणीला या पुस्तकात आवाज नाही. तिचे खासगी बोलणे, तिचा हात, तिचे घर यांची वार्ता शेकडो अनोळखी पुरुषांपुढे मांडली जाते, आणि तिला आपण कोठे वाचल्या जात आहोत याची कल्पना नसते. समूहाची ऊब जिच्या नकळत घेतली जाते, तिच्या बाजूने पाहिले तर हीच कथा वेगळी ठरेल. पुस्तकाला याची जाणीव नाही. आज ते वाचताना वाचकाला मात्र ती टाळता येत नाही.

४. ‘सेव्हरल पीपल आर टायपिंग’ : देह कोणी सांभाळायचा

कॅल्विन कसुल्की या अमेरिकन लेखकाची ही कादंबरी २०२१ मध्ये प्रसिद्ध झाली. न्यूयॉर्कमधील एका जनसंपर्क कंपनीतील कर्मचाऱ्यांनी ‘स्लॅक’ या कार्यालयीन संदेशप्रणालीत परस्परांना पाठविलेले संदेश, एवढाच तिचा मजकूर आहे. निवेदनाचे एकही वाक्य नाही. जेराल्ड हा कर्मचारी थंडीच्या कोटांची एक तक्ती तयार करीत असताना त्याची जाणीव शरीरातून सुटते आणि त्या संदेशप्रणालीत अडकते. तो मदतीची याचना करतो. सहकाऱ्यांना वाटते की, घरून काम करण्याची सवलत लाटण्यासाठी हा लांबलचक विनोद चालला आहे. पुढे जेराल्ड चोवीस तास ‘उपस्थित’ असल्याने त्याचे काम वाढते आणि वरिष्ठ त्याच्यावर खूश होतात.

कल्पना विनोदी आहे आणि कादंबरीही बहुतांशी विनोदीच आहे. परंतु शब्दावाचून अस्तित्व नाही ही अट येथे शब्दशः खरी केली आहे. जेराल्ड म्हणजे त्याचे संदेश, त्यापलीकडे तो कोणी उरलेला नाही. आणि सहकाऱ्यांच्या दृष्टीने त्यात फारसा फरकही पडलेला नाही, कारण आधीही तो त्यांच्यासाठी बव्हंशी संदेशच होता. कार्यालयीन जीवनावरची ही टीका कोणत्याही भाष्याशिवाय केवळ रूपातून प्रकट होते, हे या कादंबरीचे यश होय.

कादंबरीतील सर्वांत हृद्य धागा प्रदीप या सहकाऱ्याचा आहे. जेराल्डच्या विनवणीवरून तो त्याच्या घरी जातो, खुर्चीवर निपचित पडलेला त्याचा देह पाहतो आणि त्याची देखभाल करू लागतो. ही शुश्रूषा आपल्याला दिसत नाही, तिची वार्ता तेवढी संदेशांतून कळते. कोणाच्या तरी तोंडात पाणी घालणे, कूस वळविणे या गोष्टी संदेशाने होत नाहीत. त्यासाठी कोणाला तरी उठून, चालून, दार उघडून जावे लागते. समूह किती आपला आहे, हे तेथे कोण किती लिहितो यावरून ठरत नाही, कोण उठून जातो यावरून ठरते, असे कादंबरी न बोलता सांगते. दरम्यान प्रणालीतील स्वयंचलित मदतनीस ‘स्लॅकबॉट’ याला जेराल्डच्या रिकाम्या देहाचा मोह पडू लागतो.

तरीही ही कादंबरी मनावर खोल ठसा उमटवीत नाही, याचे कारण तिच्या रूपाच्या शुद्धतेतच आहे. संदेशाबाहेर एक पाऊलही टाकायचे नाही या प्रतिज्ञेमुळे भीती, एकाकीपणा, प्रेम या सर्व भावना त्याच चुरचुरीत बोलीत व्यक्त होतात आणि थोड्या वेळाने सपाट होतात. अनुकरण पूर्णत्वाला गेले की त्या समूहाचा पोकळपणाही कृतीत जसाच्या तसा उतरतो. लेखकाला त्याच्याकडे बाहेरून पाहण्याची जागा उरत नाही.

५. ‘नो वन इज टॉकिंग अबाऊट धिस’ : एकटीच्या तोंडी समूहाची भाषा

पॅट्रिशिया लॉकवूड या मूळच्या कवयित्री. त्यांची ही पहिली कादंबरी २०२१ मध्ये आली, त्याच वर्षी बुकर पारितोषिकाच्या अंतिम यादीत समाविष्ट झाली आणि २०२२ मध्ये तिला डिलन थॉमस पारितोषिक मिळाले. वर विचारात घेतलेल्या दोन्ही कृतींहून तिचा मार्ग वेगळा आहे. तिच्यात नोंदींचे क्रमांक नाहीत, वेळा नाहीत, संवादाची छापील नक्कल नाही. आंतरजालालाही त्याच्या नावाने संबोधलेले नाही, त्याला ‘पोर्टल’ म्हणजे प्रवेशद्वार म्हटले आहे. नायिकेला नाव नाही. कुत्र्याविषयी विचारलेल्या एका निरर्थक, विनोदी प्रश्नामुळे ती पोर्टलवर प्रसिद्ध झाली आहे आणि त्या प्रसिद्धीच्या बळावर जगभर व्याख्याने देत हिंडते.

पहिल्या भागात छोटे छोटे परिच्छेद येतात, मध्ये मोकळी जागा, पुन्हा परिच्छेद. एकात विनोद, दुसऱ्यात अत्याचाराची बातमी, तिसऱ्यात स्वतःच्या देहाविषयी एखादे निरीक्षण. कोणता विचार नायिकेचा आणि कोणता तिने दिवसभरात वाचलेल्या हजारो ओळींतून तिच्या मनात शिरला, हे तिला सांगता येत नाही आणि आपल्यालाही नाही. ‘डेन्शा ओतोको’त अनेक माणसे मिळून एक कथा सांगतात. येथे एकच बाई अनेकांच्या आवाजात बोलते. समूह बाहेर नाही, तो तिच्या वाक्यरचनेत जाऊन बसला आहे. न दिसणाऱ्या समुदायासाठी बोलण्याची जी दुसरी अट आपण पाहिली, ती येथे मनाची सवय झाली आहे. पोर्टलबाहेरचे जगही नायिका आता इतरांना सांगण्याजोगे वाक्य म्हणूनच पाहते.

दुसऱ्या भागात नायिकेच्या बहिणीच्या गर्भातील बालिकेला प्रोटियस सिंड्रोम हा अत्यंत दुर्मीळ जनुकीय विकार असल्याचे कळते. या विकारात शरीराच्या अवयवांची वाढ प्रमाणाबाहेर होत जाते. बहिणीच्या जिवाला धोका असूनही मुदतीपूर्वी प्रसूती घडवून आणण्याच्या आड ओहायो राज्याचा कायदा येतो. बालिका जन्मते, साऱ्यांच्या अपेक्षेपेक्षा अधिक म्हणजे सुमारे सहा महिने जगते आणि जाते. हा भाग लेखिकेच्या कुटुंबातील प्रत्यक्ष घटनेवर आधारलेला आहे.

या भागातही परिच्छेदांचे रूप तेच राहते. बदलतो तो त्यांच्यामधील मोकळ्या जागेचा अर्थ. पहिल्या भागात ती जागा म्हणजे पुढच्या मजकुराकडे सरकणारे बोट होते. दुसऱ्या भागात ती श्वासाची जागा होते, पुढचा श्वास येईल की नाही अशा प्रतीक्षेची जागा. रूप तेच ठेवून अर्थ पालटण्याची ही किमया या कादंबरीला वरील दोन्ही कृतींपासून वेगळी आणि वरची ठरविते, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

६. एक आक्षेप आणि त्याचा विचार

या कादंबरीविषयी एक आक्षेप सहज सुचतो. पहिला भाग पोर्टलचा पोकळपणा दाखवितो, दुसरा भाग कुटुंबाचे खरेपण दाखवितो, तेव्हा ही शेवटी जुन्याच वळणाची बोधकथा नव्हे काय? आभासी ते खोटे आणि रक्तामांसाचे ते खरे, हे सांगायला कादंबरी कशाला हवी?

आक्षेप वजनदार आहे, पण कादंबरी काळजीपूर्वक वाचली तर तो टिकत नाही. नायिका रुग्णालयात जाते ती पोर्टलची भाषा बाहेर ठेवून नव्हे. तिच्याजवळ दुसरी भाषाच नाही. तेथे शिकलेला विनोद, तेथे लागलेली क्षुल्लक गोष्टींकडे टक लावून पाहण्याची सवय, अनोळखी माणसाच्या दुःखाने हलून जाण्याची तयारी, हे सारे ती त्या बालिकेपाशी घेऊन जाते. ज्या अवधानाचा तिने इतकी वर्षे अपव्यय केला तेच अवधान आता एका जिवावर एकवटते. पोर्टल खोटे होते असे कादंबरी म्हणत नाही. पोर्टलवर कोणी एका बालकाला सहा महिने मांडीवर घेऊ शकत नाही, एवढेच ती म्हणते. शेवटी गर्दीत नाचत असताना कोणीतरी तिचा भ्रमणध्वनी खिशातून काढून घेते. त्या प्रसंगी नायिका समूहापासून सुटत नाही. ती दुसऱ्या, देहांच्या समूहात असते.

येथे तिन्ही कृती एका रेषेत येतात. ‘डेन्शा ओतोको’त ज्या तरुणीला आवाज नाही, ‘सेव्हरल पीपल आर टायपिंग’मध्ये ज्या खुर्चीतल्या देहाची वार्ता तेवढी कळते, आणि लॉकवूड यांच्या कादंबरीत जी बालिका कधीच एक शब्द बोलणार नसते, त्या तिघांच्या बाबतीत आभासी समूहाची पहिली अट अपुरी पडते. जे शब्दांत येऊ शकत नाहीत तेही आहेत. त्यांना असणे नाकारणारा समूह कितीही बोलका असला तरी तो अपुराच. ही जाणीव पहिल्या कृतीत अभावाने, दुसरीत विनोदाने आणि तिसरीत शोकाने प्रकट होते.

७. मराठी वाचकाच्या संदर्भात

हा विषय आपल्यापासून दूरचा नाही. मराठी भाषकांनी आंतरजालावर फार लवकर समूह उभारले. ‘मायबोली’ १९९६ मध्ये सुरू झाली, ‘मिसळपाव’ २००७ मध्ये. परदेशी राहणारे आणि येथे राहणारे मराठी लोक तेथे एकत्र आले. धागा, प्रतिसाद, रोमात असणे अशी स्वतःची परिभाषा त्यांनी घडविली. पुढे भ्रमणध्वनीवरील गटांनी तर प्रत्येक घर व्यापले. आपल्या महाविद्यालयांतील शिक्षकांचे गटच पाहावेत. एखाद्या सहकाऱ्याच्या घरी मृत्यू होतो. ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द तीस-चाळीस वेळा, एकाखाली एक, जोडलेल्या हातांच्या चित्रासह उमटतात. त्याखाली लगेच परीक्षा विभागाची सूचना येते. दोन-तीन दिवसांनी तो सहकारी सर्वांचे आभार मानणारी एक ओळ लिहितो. या दृश्याला हसणे सोपे आहे. पण ज्याने तो दुःखाचा दिवस भोगला आहे त्याला ठाऊक असते की, त्या चाळीस सारख्या ओळींनीही थोडा आधार वाटला होता, आणि ज्याची ओळ आली नाही त्याचे नावही लक्षात राहिले होते. शिवाय त्या चाळिसांतले दोघे-तिघे उठून घरी आले होते, हेही त्याला विसरता येत नाही.

शोक आणि सूचना एकाच रकान्यात येणे, शब्द सारखे असूनही अर्थ सारखा नसणे, लिहिणारे आणि येणारे यांच्यातील अंतर, ही सर्व कादंबरीची सामग्री आहे. ती हाताळण्यासाठी लागणारी पूर्वपरंपराही आपल्याकडे आहे. वस्तीलाच पात्र करण्याची दृष्टी ‘बनगरवाडी’ने दिली, आणि अनेक लेखण्यांतून एक कथा उभी करण्याची रीत वामन मल्हार जोशी यांनी दाखविली. मात्र नव्या समूहावर लिहिताना हास्यमुद्रा आणि अपभ्रष्ट लेखन यांची नक्कल म्हणजेच आधुनिकता, असा समज होऊ देता कामा नये.

अध्यापनाच्या दृष्टीनेही यात एक सूचना दडलेली आहे. आपण विद्यार्थ्यांना कथानक, पात्रचित्रण, निवेदन, वातावरण या घटकांच्या आधारे कादंबरी शिकवितो. ‘डेन्शा ओतोको’सारख्या कृतीपुढे हे घटक जागचे हलतात. तेथे पात्र म्हणजे क्रमांक, निवेदक म्हणजे जमाव आणि वातावरण म्हणजे नोंदींमधील वेळ. घटक टाकून देण्याचे कारण नाही, परंतु निवेदक कोण या प्रश्नासोबतच कोण बोलू शकत नाही, आणि कोण नुसते वाचत आहे, हे दोन प्रश्न वर्गात विचारले जाणे इष्ट ठरेल.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष हाती येतात. आभासी समूहाचे रूप कादंबरीत उतरण्यासाठी त्याच्या दृश्य खुणांचे अनुकरण अपरिहार्य नाही आणि पुरेसेही नाही. ‘डेन्शा ओतोको’ने समूहाला निवेदक करून प्रतीक्षेला प्रसंगाचे स्थान दिले, पण निवडीच्या ओघात त्या समूहातील क्रौर्य आणि ज्या स्त्रीची कथा तिचा आवाज, दोन्ही गमावले. ‘सेव्हरल पीपल आर टायपिंग’ने अनुकरण शेवटपर्यंत नेले आणि त्यामुळेच स्वतःला बांधून घेतले. ‘नो वन इज टॉकिंग अबाऊट धिस’ने नक्कल सोडून दिली, समूहाची भाषा एकटीच्या मनात ठेवली आणि तिला मृत्यूपाशी नेऊन तपासले.

बनगरवाडीच्या मास्तराला वस्ती सोडताना मागे पाहण्यासाठी निदान ओसाड घरे होती. पडद्यावरील समूह पांगतो तेव्हा मागे काहीच दिसत नाही. जे मागे दिसत नाही ते शब्दांत धरून ठेवणे हे कादंबरीचे जुनेच काम आहे. माध्यम बदलले तरी ते काम बदललेले नाही. समूहात कोण बोलले याची नोंद यंत्र ठेवतेच, कोण गप्प राहिले आणि कोण उठून गेले याची नोंद मात्र कादंबरीकारालाच ठेवावी लागेल.